वरच्या फळीवरची बाटली

"याला चालता येतं का?"

"येतं की. पळतोय बी. जिना तेवढा धरून चढतोय."

"हातानं खातो?"

"भाकरी खातोय. भात सांडतोय."

"मग त्या शाळेनं का नाकारलं?"

वैशाली मांडीवरच्या पोराच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. तीन वर्षं पुरी व्हायची होती त्याला. नाव आरुष. माझ्या ऑफिसातल्या टेबलफॅनकडे तो एकटक बघत होता. मी टाळी वाजवली, नावानं हाक मारली, त्यानं मान वळवली नाही.

"बोलत न्हाय म्हणून," ती म्हणाली. "मोठ्या मॅडम म्हणाल्या, ह्याच्यासाठी आमच्याकडं येगळं माणूस न्हाय. तुमी दुसरीकडं बघा."

मोठ्या मॅडम म्हणजे कोण, हे मला विचारावं लागलं नाही. त्या इंग्रजी शाळेत मी उमेदीची वर्षं घालवली होती. वडील सूतगिरणीत हमाली करायचे, आई धुण्याभांड्याला जायची. त्या शाळेत मी लागले ती मुलांची नाकं पुसायला. संध्याकाळचा कोर्स करून टीचर झाले, नर्सरीचा वर्ग सांभाळला. आणि एका गॅदरिंगला पाहुण्यांपुढे प्रिन्सिपल मॅडमनी माझ्याकडे हात करून ओळख करून दिली, "या आमच्या मावशी." त्या दिवशी माझ्या अंगावर टीचरचीच साडी होती. बाकीच्या टीचर खाली बघून हसल्या. मी राजीनामा दिला आणि शुक्रवार पेठेत एका घराचा तळमजला भाड्यानं घेऊन स्वतःची शाळा काढली.

शाळा उभी राहिली ती भाव करून. घरमालकाशी, गणवेशवाल्याशी, खेळणीवाल्याशी. समोरच्यानं पहिला शब्द टाकला की मला राग येतो, आणि रागात मी चांगला भाव करते. हा माझा गुण आहे असं मी सगळ्यांना सांगत आले.

तर वैशालीला मी म्हटलं, "मी घेते याला."

तिचे डोळे भरून आले. मला बरं वाटलं. पण ते बरं वाटणं आरुषसाठी नव्हतं. त्या मॅडमनी नको म्हटलेलं पोरगं मी घेतलं, याचं ते बरं वाटणं होतं. आता लिहिताना हे स्पष्ट दिसतं. तेव्हाही दिसलं असेल, मी बघितलं नसेल.

"पण दिवाळीपर्यंत," मी म्हटलं. "तोपर्यंत सुधारणा दिसली तर पुढे. नाही दिसली तर तुम्ही हट्ट धरायचा नाही."

"चालंल की, मॅडम."

"त्याची स्पीच थेरपी चालू ठेवायची."

"चालूच हाय. मी थोडं दिवस वर्गात बसू का त्याच्यासंगं? त्याला सवय हुईस्तोवर?"

"आई बसली की सगळी मुलं आईला शोधतात. फाटकापर्यंत यायचं."

"बरं. पहिला दिवस तरी?"

"फाटकापर्यंत."

"बरं, मॅडम."

समोरचा माणूस सगळ्याला हो म्हणतो, तेव्हा तो भाव करत नसतो, घाबरलेला असतो. एवढ्या वर्षांच्या धंद्यात हे मला कळायला हवं होतं. मला मात्र वाटलं, सौदा छान जमला.

दुपारी मी मोठ्या मॅडमना फोन लावला. किती दिवसांनी लावला असेल, त्यांनी आधी आवाज ओळखला नाही. मी म्हटलं, "तुम्ही परत पाठवलेलं पोरगं मी घेतलंय. दिवाळीपर्यंत बोलतं करते आणि व्हिडिओ पाठवते तुम्हाला."

"छान," त्या म्हणाल्या. "थेरपी चालू आहे ना त्याची?"

मी फोन ठेवला.

आरुषच्या फाइलवर डॉक्टरांनी लिहिलं होतं, डेव्हलपमेंटल डिले. मुलं साधारण एका वयात बसतात, चालतात, बोट दाखवतात, बोलतात. यातल्या बऱ्याच गोष्टी फार मागे राहिल्या की डॉक्टर हा शब्द वापरतात. डिले म्हणजे उशीर. तो कशामुळे झाला, किती भरून निघेल, हे त्या शब्दात नसतं. घरातले लोक फक्त उशीर ऐकतात. "त्याचा बाप बी उशिरा बोलला," असं आरुषची माळशिरसची आजी सांगायची. मीसुद्धा उशीरच ऐकला. उशीर झाला असेल तर घाई केली की झालं, असा माझा हिशोब.

पहिल्या दिवशी फाटकाजवळ सगळी मुलं रडत होती. आरुष रडला नाही. आईनं हात सोडला तेव्हा तो आत चालत आला आणि फरजानाच्या ओढणीचं टोक धरून उभा राहिला. फरजाना माझी असिस्टंट टीचर. मी बाकीच्या पालकांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बघा, किती शहाणं बाळ आहे!" फाटकाबाहेर वैशालीनं पदर तोंडाला लावला.

आता आमच्या फळीबद्दल सांगायला हवं. माझ्या शाळेत मुलांच्या पाण्याच्या बाटल्या वरच्या फळीवर असतात. असतात म्हणजे असायच्या. खाली ठेवल्या की मुलं पाणी सांडतात, एकमेकांच्या बाटल्या तोंडाला लावतात, मग पालकांचे फोन. शिवाय त्यातून शिकवणंही होतं. ज्याला तहान लागेल त्यानं येऊन सांगायचं, "टीचर, पाणी." ब्रेकमध्येही रांगेत एकेकाला विचारायचं, "काय पाहिजे?" त्यानं "पाणी" म्हटलं की बाटली द्यायची. यानं मुलं मागायला शिकतात, मोठ्यानं बोलतात. पालक खूश असायचे.

आरुषची बाटली निळी होती, तिला हत्तीची सोंड होती. तो फळीखाली जाऊन उभा राहायचा आणि वर बघायचा. कोणी आलं नाही तर जवळ असेल त्या मोठ्या माणसाचं मनगट धरायचा आणि फळीकडे ओढत न्यायचा. तोंडाकडे बघायचा नाही. हात फळीखाली नेऊन सोडून द्यायचा. बहुतेक वेळा तो हात माझा असायचा, कारण माझी खुर्ची फळीजवळ होती.

त्याची स्पीच थेरपिस्ट एकदा शाळेत येऊन गेली. वयानं माझ्या मुलीएवढी. तिनं हे बघितलं आणि तिचा चेहरा फुलला.

"मॅडम, हा मागतोय! हात ओढतो ना, ते त्याचं बोलणंच आहे. ओढला की लगेच द्या. देताना तुम्ही 'पाणी' म्हणा. तो म्हणेल म्हणून थांबू नका."

"न मागता मिळालं तर बोलेल कशाला? लाडावेल."

"न मागता नाही हो. मागितलंच की त्यानं."

"तुमचं पुस्तकातलं झालं. मी एवढी मुलं बोलती केलीत."

"ती मुलं बोलणारच होती, मॅडम," ती म्हणाली. उद्धटपणे नाही, अगदी सरळ. मला तो उद्धटपणाच वाटला.

ती गेल्यावर काही दिवस मी तिच्या सांगण्याप्रमाणे केलं. आरुष हात ओढायचा, मी बाटली द्यायचे, "पाणी" म्हणायचे. तो प्यायचा आणि बाटली माझ्या मांडीवर ठेवून जायचा. कधीकधी जाता जाता माझ्या गुडघ्यावर तळहात टेकवायचा. एवढंच. शब्द काही येईना. गणपती झाले, नवरात्र जवळ आलं. व्हिडिओत दाखवण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.

मग मी भाव करायला बसले.

"पाणी म्हण. म्हण, मग देते."

त्यानं माझं मनगट ओढलं. मी हात आखडता घेतला. त्यानं पुन्हा ओढलं. मी बाटली खाली काढून त्याच्या नजरेसमोर धरली, हाताला लागणार नाही इतक्या अंतरावर. "पा-णी. म्हण. पा."

फरजाना म्हणाली, "दे डालो ना मॅडम उसकू. प्यास लगी हुइंगी."

"तुझ्यासारख्यांमुळंच पोरं डोक्यावर बसतात. तू रांग बघ."

पाणी मी शेवटी द्यायचेच. कोरड्या घशानं त्याला घरी पाठवलं असं कधी झालं नाही. हे मी स्वतःला फार वेळा सांगितलंय. पण द्यायचे ते उशिरा, त्यानं हात सोडून दिल्यावर, पाय आपटून थकल्यावर. आणि आमच्याकडे ऑक्टोबरचं ऊन कसं असतं हे सोलापूरकरांना सांगायला नको. वर्गातला पंखासुद्धा गरम वारा टाकत असतो.

एका सकाळी तो रडला. नाक वाहत होतं, ओठ थरथरत होते, दोन्ही हात बाटलीकडे. आणि रडता रडता त्याच्या तोंडून निघालं, "पा."

मी मोबाइल आधीच हातात धरला होता.

"शाब्बास! म्हण परत. पा."

"पा. पा."

रेकॉर्डिंग बंद केलं, मग बाटली दिली. या क्रमानं. पहिल्यांदा मी व्हिडिओ बघितला तेव्हा मला त्यात फक्त "पा" ऐकू आलं. लगेच मोठ्या मॅडमना पाठवला. खाली लिहिलं, "दिवाळीच्या आधीच."

त्यांचं उत्तर दुपारी आलं. "व्हिडिओ पाहिला. आधी त्याला पाणी द्या."

माझं डोकं फिरलं. मोबाइल टेबलावर आपटला. फरजानाला वाचून दाखवलं. "बघ, जळफळाट बघ बाईचा! चांगलं म्हणायला जीभ रेटत नाही."

फरजाना मुलांचे पेले विसळत राहिली.

त्यानंतर आरुषनं "पा" म्हटलं नाही. हातही ओढला नाही. ब्रेकमध्ये मी बाटली पुढे केली की तोंड फिरवायचा. फरजानानं ओठांना लावून बघितली, त्यानं ओठ घट्ट मिटले. मला वाटलं, तहान नसेल. मला वाटलं, हट्ट गेला. संध्याकाळी फाटकाजवळ वैशालीला मी तेच सांगितलं.

"आता त्रास देत नाही. घरीही असंच करा. म्हटल्याशिवाय पाणी द्यायचं नाही. एकदा म्हणालाय, परत म्हणेल."

"बरं, मॅडम."

सुट्टी लागायच्या आधी आम्ही मुलांकडून पणत्या रंगवून घेतो. त्या दिवशी वर्गात नुसता रंगांचा चिखल. हात धुवायला मोरीजवळ बादली भरून ठेवलेली. मुलं एकेक करून हात बुडवून जात होती. पाणी जांभळं झालं होतं. मी एका आईशी फाटकावर बोलत होते. फरजानाची हाक आली. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

आरुषनं बादलीच्या काठावर दोन्ही हात टेकले होते आणि तोंड पाण्यात घातलं होतं. तो पीत होता. पिण्याचा आवाज येत होता.

"अरे!" मी ओरडले आणि दंड धरून त्याला मागे ओढलं. ओठ, हनुवटी, शर्टाची कॉलर, सगळं जांभळं. तो रडला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. माझी पकड जरा सैल होताच तो पुन्हा बादलीकडे वाकला.

फरजानानं फळीवरची निळी बाटली आणली, झाकण काढलं, त्याच्यापुढे धरली. त्यानं तोंड फिरवलं. आणि बादलीकडे हात केला.

तेव्हा मला कळलं. बाटली मिळायची तर मॅडमचा चेहरा, मोबाइल, "म्हण, म्हण", हे सगळं आधी. बादली काही म्हणत नव्हती.

डॉक्टरांना फोन केला. रंग लहान मुलांचाच आहे, थोडा पोटात गेला तर घाबरू नका, लक्ष ठेवा, असं ते म्हणाले. मग मी वैशालीला बोलावलं. येईपर्यंत मी मनात भाषण तयार केलं होतं. नजरचूक झाली, मुलं खूप असतात, तुम्हीही त्याला समजवा. भाषण चांगलं होतं.

ती आली. पोराचे जांभळे ओठ बघितले. पदरानं पुसले. तिला धक्का बसला नाही, आणि तेच मला खटकलं.

"बादलीतलं पाणी प्यायला," मी म्हटलं.

"घरी बी पितोय, मॅडम. मोरीतल्या बादलीतनं. मी आता बादली पालथी घालून ठिवते."

"कधीपासून?"

"तुमी म्हनला तसं घरी केलं, तवापासनं. माझ्या हातनं पानी घेत न्हाय त्यो आता."

"अहो, मग मला सांगितलं का नाही?"

तिनं माझ्याकडे बघितलं. सहा महिन्यांचं तिचं "बरं, मॅडम" त्या बघण्यात नव्हतं.

"काय सांगू? दिवाळी आली की तोंडावर. तुमी बी काढलं तर ह्याला घिऊन कुटं जाऊ?"

माझी भाषणं नेहमी तयार असतात. समोरच्याचा तिसरा शब्द यायच्या आत माझं उत्तर बाहेर पडतं. त्या दिवशी मी रागावायला कोणीतरी शोधत होते. फरजाना होती, तिनं आधीच सांगितलं होतं. थेरपिस्ट होती, तिनंही सांगितलं होतं. मोठ्या मॅडमनी तर लिहून दिलं होतं. उरली ती समोर उभी असलेली बाई, जी मला घाबरून आपल्या लेकराला पाणी देत नव्हती.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"असू द्या, मॅडम," ती म्हणाली. तेही घाबरूनच.

थेरपिस्ट दुसऱ्या दिवशी आली. सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्याच्याकडे सांगायची एक पद्धत होती. ती आपण बंद केली." ती 'आपण' म्हणाली. तुम्ही म्हणाली असती तर मला भांडता आलं असतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी सुताराला बोलावून फळी खाली आणली, मुलांच्या गुडघ्यापाशी. शाळा उघडल्यावर पाणी सांडलं, बाटल्यांची अदलाबदल झाली, पालकांचे फोन आले. मी फोन घेतले. वैशालीला सांगितलं, दिवाळीची अट गेली, तुम्ही वर्गात येऊन बसा, हवे तितके दिवस. "बरं, मॅडम," ती म्हणाली आणि दाराजवळच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली. कोणत्याही क्षणी ऊठ म्हटलं जाईल अशी. अट घालायला मला एक वाक्य लागलं होतं. गेली म्हणून सांगितल्यानं अट जात नाही, हे मी तिच्या त्या बसण्याकडे बघून शिकले.

आरुष आधी फरजानाकडून पाणी प्यायला लागला. मग घरी आईच्या हातून. हात ओढणं परत यायला फार दिवस गेले, आणि आलं ते फरजानाच्या ओढणीचं टोक ओढण्याच्या रूपात. शब्द अजून नाही. थेरपिस्ट म्हणते, येईल कदाचित, आणि नाही आला तर चित्रं दाखवून बोलेल.

मोठ्या मॅडमचा मेसेज मी बरेच दिवस तसाच ठेवला होता. उत्तर बऱ्याचदा टाइप केलं आणि खोडलं. शेवटी लिहिलं, "दिलं. उशिरा दिलं." त्यांचं उत्तर आलं, "ठीक." त्यांच्याबद्दल माझं मन अजून साफ नाही. पाणी द्या हे सांगणं सोपं असतं, त्यासाठी आधी पोराला दारातून आत घ्यावं लागतं, आणि त्यांनी दार उघडलं नव्हतं. मावशी म्हटलेलंही मी विसरलेले नाही. पण त्या दोन ओळींत त्या बरोबर होत्या आणि मी चूक होते. व्हिडिओ मी पुसलेला नाही. मधून मधून बघते. आता त्यात "पा" ऐकू येत नाही. चौकटीच्या कडेला बाटली धरलेला एक हात दिसतो, बांगड्या भरलेला, अजिबात न हलणारा.

उन्हाळ्याच्या तोंडावर एक दिवस फरजाना रजेवर होती. वैशालीही बाहेर फोनवर बोलत होती. आरुष फळीपाशी गेला, बाटली काढली, झाकण निघेना. वर्गभर नजर फिरवली. मोठं माणूस एकच होतं. तो माझ्याकडे आला, पण जवळ नाही. हात पुरणार नाही इतक्या अंतरावर थांबला. बाटली फरशीवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकला.

मी खुर्चीतून उतरून खाली बसले. झाकण उघडलं. "पाणी," म्हटलं, हळू. बाटली होती तिथेच परत ठेवली आणि तोंड भिंतीकडे केलं.

थोड्या वेळानं पिण्याचा आवाज आला.

भाव मी अजूनही करते. घरमालकाशी, गणवेशवाल्याशी, नव्यानं आलेल्या सुताराशीही केला. पण आता आधी बघते, समोरच्याला उठून जाता येतं का. येत नसेल, तर तो भाव नसतो.